चौकातला कॅमेरा आणि नागरिकाचा खासगीपणा

महाराष्ट्रातल्या मोठ्या शहरांत सिग्नलच्या खांबांवर साधारण दोन तऱ्हेचे कॅमेरे असतात. एकाचे काम वाहतुकीपुरते असते. लाल दिवा ओलांडला, झेब्रा पट्ट्यांवर गाडी आणली, वेगमर्यादा मोडली की तो नंबरप्लेट टिपतो आणि मालकाच्या मोबाइलवर ई-चलन येते. दुसऱ्याला असे नेमके काम नसते. समोरून जे जाईल ते तो दिवसरात्र टिपत राहतो: भाजी घेऊन निघालेली बाई, शिकवणीला जाणारी मुले, मोर्चा, मिरवणूक, चोर आणि चोरामागे धावणारा. हे कॅमेरे पुष्कळदा एकाच खांबावर असतात आणि एकाच नियंत्रण कक्षाला जोडलेले असतात. कायद्याच्या बाजूने पाहिले तर मात्र दोघांत मोठे अंतर आहे. चलनाच्या कॅमेऱ्यासाठी केंद्र सरकारचे लेखी नियम आहेत. नुसत्या पाहणाऱ्या कॅमेऱ्याने काय साठवावे, किती दिवस ठेवावे आणि कोणाला द्यावे, हे ठरवणारा केंद्रीय कायदा नाही. रस्त्यावरच्या कॅमेऱ्यांविषयीच्या बहुतेक शंका या अंतरातून उपजतात.

कॅमेरे रस्त्यावर कसे आले

सीसीटीव्ही हे मुळात युद्धकाळातले तंत्र. १९४२मध्ये जर्मनीत पेनेम्युंडे येथे व्ही-२ रॉकेटांची उड्डाणे सुरक्षित अंतरावरून पाहता यावीत म्हणून वॉल्टर ब्रुख या अभियंत्याने अशी यंत्रणा उभारली. सार्वजनिक जागी तिचा मोठ्या प्रमाणावर वापर सुरू केला तो ब्रिटनने. १९८५मध्ये बोर्नमथ या समुद्रकाठच्या गावात किनाऱ्यालगत कॅमेरे बसले. १९९३मध्ये लिव्हरपूलजवळच्या एका बाजारसंकुलातून दहा वर्षांची दोन मुले एका दोन वर्षांच्या बाळाला हाताला धरून नेत असल्याचे धूसर चित्रण देशभर दाखवले गेले. त्या बाळाचा पुढे खून झाला होता. कॅमेरा ही घटना टाळू शकला नव्हता, तरी तिच्यानंतर कॅमेऱ्यांची मागणी वाढली आणि सरकारने नगरपालिकांना त्यासाठी अनुदाने दिली. त्याच वर्षी आयरिश रिपब्लिकन आर्मीच्या बॉम्बस्फोटांनंतर लंडनच्या आर्थिक केंद्राभोवती नाकी उभी राहिली, आणि पुढे तिथे नंबरप्लेट वाचणारे कॅमेरे बसले.

भारतातही दहशतवादी हल्लेच निमित्त ठरले. २६ नोव्हेंबर २००८च्या हल्ल्यानंतर मुंबईसाठी शहरव्यापी कॅमेरा प्रकल्पाची चर्चा सुरू झाली. निविदा वारंवार अडकल्या. २०१५मध्ये सुमारे ९४९ कोटी रुपयांचे काम लार्सन अँड टुब्रो कंपनीला मिळाले आणि ऑक्टोबर २०१६मध्ये सुमारे दीड हजार ठिकाणी ४,७०० कॅमेरे चालू झाले. पुण्यात फेब्रुवारी २०१०मधला जर्मन बेकरीतला स्फोट आणि १ ऑगस्ट २०१२ रोजी जंगली महाराज रस्त्यावर झालेली स्फोटांची मालिका यांनी अशाच प्रकल्पाला चालना दिली. नागपुरात साडेतीन हजारांच्या वर कॅमेरे बसले.

यानंतर दोन केंद्रीय योजनांनी वेग दिला. जून २०१५मध्ये सुरू झालेल्या स्मार्ट सिटी अभियानातून शंभर शहरांत एकात्मिक नियंत्रण कक्ष उभे राहिले. निर्भया निधीतून मुंबईसह आठ महानगरांसाठी सुरक्षित शहर प्रकल्प आखले गेले. शिवाय गृहनिर्माण संस्था, दुकाने, पेट्रोल पंप आणि बँका यांचे खासगी कॅमेरे आहेतच. त्यांतला एखादा रस्त्याकडे वळवावा, असे आवाहन पोलीस करत असतात. आंध्र प्रदेशाने २०१३मध्ये आणि गुजरातने २०२२मध्ये कायदे करून गर्दीच्या आस्थापनांना कॅमेरे लावणे सक्तीचे केले. हे कायदे कॅमेरा लावायला सांगतात. त्याच्या वापरावर मर्यादा घालण्याचा भाग त्यांत तोकडा आहे.

यंत्रणा चालते कशी

रस्त्यावरच्या कॅमेऱ्यांचे तीन मुख्य प्रकार आहेत. स्थिर कॅमेरा एकाच चौकटीकडे पाहतो. फिरता कॅमेरा नियंत्रण कक्षातून डावी-उजवीकडे, वर-खाली वळवता येतो आणि दूरचे दृश्य जवळ आणू शकतो. तिसरा नंबरप्लेट वाचणारा. तो अवरक्त प्रकाश टाकून रात्रीही पाटीचे स्पष्ट छायाचित्र घेतो. मग संगणक त्यातली अक्षरे व अंक वेगळे करतो आणि तो क्रमांक ‘वाहन’ या राष्ट्रीय नोंदणी प्रणालीत किंवा चोरीच्या गाड्यांच्या यादीत शोधतो. २१४ हे अंक ‘राम’सारखे किंवा ४१४१ हे ‘दादा’सारखे दिसतील अशा बेताने रंगवलेल्या पाट्यांपुढे ही यंत्रणा अडखळते. ठरावीक ठशाची उच्च सुरक्षा नंबरप्लेट एप्रिल २०१९पासून नव्या गाड्यांना सक्तीची झाल्यामुळे तिचे काम सोपे झाले.

कॅमेऱ्यातून निघालेले चित्रण ऑप्टिकल फायबरच्या तारांवरून नियंत्रण कक्षात पोहोचते. तिथे भिंतभर पडद्यांसमोर बसलेले कर्मचारी एका वेळी मोजकीच दृश्ये पाहू शकतात. उरलेले सगळे नुसते साठत जाते. साठवणुकीला जागा लागते, त्यामुळे पुष्कळ शहरांत साधारण महिनाभराने जुन्या चित्रणावर नवे चढते. तपासासाठी मागितलेला तुकडा तेवढा बाजूला काढून ठेवला जातो. खासगी कॅमेऱ्यातले चित्रण हवे असेल तर पोलीस भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४खाली नोटीस देऊन ते मागवू शकतात.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४मध्ये सुरू झालेल्या यंत्रणेत सरासरी वेगही मोजला जातो. दोन कमानींमधले अंतर गाडीने किती वेळात कापले, यावरून हिशेब होतो. ताशी १०० किलोमीटरची मर्यादा असलेला १० किलोमीटरचा टप्पा गाडीने सहा मिनिटांऐवजी पाच मिनिटांत ओलांडला, तर तिचा सरासरी वेग १२० होता हे उघड होते. कॅमेरा दिसताच ब्रेक दाबून पुढे पुन्हा वेग वाढवण्याची युक्ती इथे चालत नाही. खासगीपणाच्या दृष्टीने यात एक गोम आहे. साधा वेग-कॅमेरा नियम मोडणाऱ्याचेच छायाचित्र घेतो. सरासरी वेग मोजायचा तर पहिल्या कमानीखाली प्रत्येक गाडीची नोंद घ्यावीच लागते. नियम पाळणाऱ्यांच्या नोंदींचे पुढे काय होते, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

उपयोग किती होतो

कॅमेऱ्यांमुळे गुन्हे थांबतात का, याचा सर्वांत विस्तृत आढावा २०१९मध्ये प्रसिद्ध झाला. ब्रँडन वेल्श, डेव्हिड फॅरिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चाळीस वर्षांतले अभ्यास एकत्र तपासले. कॅमेरे असलेल्या भागांत गुन्हे तुलनेने सुमारे १३ टक्क्यांनी कमी झाल्याचे त्यांना आढळले. सर्वाधिक फरक गाड्यांच्या वाहनतळांवर पडला होता. मारहाणीसारख्या हिंसक गुन्ह्यांवर लक्षणीय परिणाम दिसला नाही. दारूच्या अमलात किंवा रागाच्या भरात हात उगारणारा माणूस वर खांबाकडे पाहत नाही, गाडीची काच फोडणारा चोर मात्र पाहतो. कॅमेऱ्याच्या जोडीला रस्त्यावरचे दिवे आणि गस्त असेल, आणि कोणी प्रत्यक्ष पडद्यावर लक्ष ठेवत असेल, तर परिणाम वाढतो, असेही या आढाव्यातून पुढे आले.

गुन्हा घडून गेल्यावरचा उपयोग मात्र वादातीत आहे. पळालेल्या गाडीचा माग, हरवलेल्या मुलाचा शोध, अपघातात चूक कोणाची याचा निवाडा यांत चित्रण कामी येते. त्याचा आधार आरोपीलाही मिळतो. वाराणसीतील एका हॉटेलात झालेल्या मृत्यूच्या खटल्यात पोलिसांनी हॉटेलचे चित्रण न्यायालयापुढे आणलेच नाही. जानेवारी २०१५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही गंभीर उणीव मानली आणि दोन्ही परदेशी आरोपींची सुटका केली.

चित्रण पुरावा म्हणून टिकायचे तर त्याला प्रमाणपत्राची जोड लागते. हा मुद्दा महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात पक्का झाला. जालना विधानसभा मतदारसंघाच्या २०१४च्या निवडणुकीत उमेदवारी अर्ज मुदतीत दाखल झाले की नाही, हा वाद निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या चित्रणावर येऊन ठेपला. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल या प्रकरणात जुलै २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, मूळ उपकरणच न्यायालयात हजर केले नसेल तर इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत विहित प्रमाणपत्र द्यावेच लागते. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३मध्ये अशा प्रमाणपत्राची तरतूद आहे. चित्रण कोठून आले, कोणाच्या ताब्यात होते आणि त्यात फेरफार झाला नाही ना, याची नोंद राहणे खासगीपणाइतकेच न्यायाच्याही सोयीचे असते.

चारचौघांत खासगीपणा उरतो का

रस्त्यावर आलेल्या माणसाला सगळेच पाहतात, मग कॅमेऱ्याने पाहिले तर बिघडले काय, हा नेहमीचा प्रश्न आहे. भारतीय न्यायालयांना त्याचे उत्तर द्यायला बराच काळ लागला. उत्तर प्रदेशातील खडक सिंग याच्यावर पोलिसांनी ठेवलेल्या पाळतीच्या प्रकरणाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९६२मध्ये दिला. रात्री-अपरात्री घरी जाऊन चौकशी करणे घटनाबाह्य ठरले. घराबाहेर त्याच्या येण्याजाण्यावर नजर ठेवण्याला मात्र बहुमताने आक्षेप घेतला नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क नाही, असेच तेव्हाच्या बहुमताचे मत होते.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी न्या. पुट्टस्वामी प्रकरणात नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने एकमताने हे मत बदलले. खासगीपणा हा राज्यघटनेच्या कलम २१चा भाग ठरला. माणूस सार्वजनिक जागी आला म्हणून त्याचा खासगीपणा संपत नाही, तो जागेला नव्हे तर व्यक्तीला चिकटलेला असतो, हेही या निकालात स्पष्ट झाले. सरकारला त्यात हस्तक्षेप करायचा असेल तर त्यासाठी कसोट्या ठरल्या: हस्तक्षेपाला कायद्याचा आधार हवा, उद्देश रास्त हवा, उपाय त्या उद्देशाच्या प्रमाणात हवा आणि गैरवापर रोखणारी व्यवस्था हवी.

रस्त्यावरच्या माणसाची नजर आणि कॅमेऱ्याची नजर यांतला फरकही इथेच लागू होतो. वाटेत भेटलेला अनोळखी माणूस पाहतो आणि विसरतो. कॅमेरा विसरत नाही, आणि एका चौकातली त्याची नोंद दुसऱ्या चौकातल्या नोंदीला जोडता येते. दवाखाना, वकिलाचे कार्यालय, प्रार्थनास्थळ, पक्षाची बैठक, मैत्रिणीचे घर यांपैकी एका ठिकाणी कोणी दिसले तर त्यातून फारसे काही कळत नाही. महिन्याभराच्या अशा नोंदी एकत्र केल्या की त्या माणसाचा आजार, श्रद्धा, राजकीय मत आणि नातीगोती उघडी पडतात. ही जोडणी पूर्वी चार पोलिसांना महिनाभर मागावर ठेवून करावी लागे. आता ती संगणकावर शोध देऊन होऊ शकते.

धोके नेमके कोणते

पहिला धोका चित्रण बाहेर फुटण्याचा. जुलै २०१३मध्ये दिल्ली मेट्रोच्या कॅमेऱ्यांनी टिपलेली जोडप्यांची दृश्ये अश्लील संकेतस्थळांवर आढळली होती. फेब्रुवारी २०२५मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातल्या तपासणी कक्षाचे चित्रण समाजमाध्यमांवर विकले जात असल्याचे उघड झाले. यंत्रणेला सहज ओळखता येणारा पासवर्ड ठेवला असल्याचे तपासात पुढे आले. कारखान्यातून येणारा मूळ पासवर्ड न बदलणे ही जगभरची खोड आहे. २०१६मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक प्रणालीने असे लाखो कॅमेरे व यंत्रे ताब्यात घेऊन त्यांच्यामार्फत मोठमोठ्या संकेतस्थळांची सेवा बंद पाडली होती. भारतात एप्रिल २०२५पासून विक्रीच्या कॅमेऱ्यांना सुरक्षेच्या ठरावीक चाचण्या बंधनकारक झाल्या. आधीपासून बसवलेल्या कॅमेऱ्यांची निगा मात्र ज्याची त्यालाच राखावी लागते.

दुसरा धोका चित्र भलत्या हातात पडण्याचा. केरळने जून २०२३पासून ७२६ कॅमेऱ्यांच्या यंत्रणेतून दंड आकारायला सुरुवात केली. हेल्मेट, सीटबेल्ट, गाडी चालवताना मोबाइल यांवर तिची नजर असते. सुरुवातीच्या दिवसांत दंडाच्या नोटिशीसोबत छायाचित्रही मालकाच्या मोबाइलवर जाई. एका प्रकरणात स्कूटर पत्नीच्या नावावर होती, हेल्मेट न घालता ती चालवत होता नवरा आणि मागे बसली होती दुसरीच स्त्री. छायाचित्र पत्नीकडे पोहोचले, घरात मारहाण झाली आणि प्रकरण पोलीस ठाण्यात गेले. दंडासाठी नंबरप्लेट आणि उघडे डोके एवढेच दिसणे पुरेसे होते.

तिसरा धोका एका कामासाठी आणलेले साधन दुसऱ्याच कामी लावण्याचा. दिल्ली पोलिसांनी चेहरा ओळखणारी प्रणाली घेतली ती हरवलेल्या मुलांचा शोध घेण्यासाठी, उच्च न्यायालयापुढील एका प्रकरणाच्या ओघात. काही काळातच तिचा वापर आंदोलनांच्या चित्रणावर होऊ लागला. मार्च २०२०मध्ये केंद्रीय गृहमंत्र्यांनी लोकसभेत सांगितले की, दिल्लीतल्या दंगलीनंतर चेहरा ओळखणाऱ्या प्रणालीने ११०० हून अधिक जणांची ओळख पटवली आणि त्यासाठी मतदार ओळखपत्र व वाहन परवाना यांची माहिती वापरली गेली. दंगलखोर शोधणे हा उद्देश रास्तच. पण मतदार यादीसाठी दिलेले छायाचित्र तपासासाठी वापरण्याची मुभा कोणत्या कायद्याने मिळते, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

चौथा धोका यंत्राच्या चुकीचा. चेहरा ओळखणारी प्रणाली ‘हाच तो’ असे कधीच सांगत नाही. दोन चेहऱ्यांत किती साम्य आहे त्याचा ती आकडा देते, आणि किती आकड्याला ओळख पटली म्हणायचे ते माणूस ठरवतो. माहिती अधिकारात २०२२मध्ये मिळालेल्या उत्तरानुसार दिल्ली पोलिसांनी ही रेषा ८० टक्क्यांवर आखली होती. खुद्द हरवलेल्या मुलांच्या बाबतीत २०१९मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने न्यायालयात कबूल केले की, प्रणालीचे यश एक टक्क्याहून कमी आहे आणि तिला मुलगा-मुलगी यांतही फरक करता येत नाही. जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांनी २०१८मध्ये चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे सांगणाऱ्या नामांकित कंपन्यांच्या प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के, तर सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ती ३४.७ टक्क्यांपर्यंत जात होती. अमेरिकेत डेट्रॉइटजवळ जानेवारी २०२०मध्ये अशाच चुकीच्या जुळणीवरून एका निरपराध कृष्णवर्णीय माणसाला त्याच्या घरासमोर, बायकोमुलींच्या देखत अटक झाली.

पाचवा धोका मोजता येत नाही, म्हणून तो सहज नजरेआड होतो. आपली नोंद होते आहे हे ठाऊक असले की माणूस सभेला जाताना, आंदोलनात उभा राहताना, एखाद्या पत्रकाराला भेटताना दोनदा विचार करतो. स्त्रियांच्या बाबतीत संरक्षण आणि पहारा यांतली सीमा आणखी पुसट होते. लखनौ पोलिसांनी जानेवारी २०२१मध्ये घाबरलेल्या स्त्रीच्या चेहऱ्यावरचे भाव ओळखून इशारा देणारे कॅमेरे बसवण्याचा बेत जाहीर केला, तेव्हा कार्यकर्त्यांनी हीच हरकत घेतली: कारण काहीही असो, त्रासलेला चेहरा दिसला की पोलीस दारात, अशी वेळ येऊ नये.

चलनाच्या कॅमेऱ्याचे नियम

वाहतुकीच्या कॅमेऱ्यांबाबत केंद्राने वेगळी वाट घेतली. २०१९मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम १३६-अ घालून इलेक्ट्रॉनिक देखरेखीला कायद्याचा आधार दिला गेला. ऑगस्ट २०२१मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७-अ हा नियम आला. त्यात वेग-कॅमेरा, सीसीटीव्ही, स्पीड गन, पोलिसांच्या अंगावरचा कॅमेरा, नंबरप्लेट वाचणारे यंत्र अशी साधनांची यादी आहे. राज्याने नेमलेल्या अधिकाऱ्याकडून यंत्राला मान्यतेचे प्रमाणपत्र लागते आणि दर वर्षी त्याचे नूतनीकरण करावे लागते. देखरेखीचा टप्पा सुरू होण्याआधी ठळक सूचनाफलक लावावा लागतो. यंत्रे प्राधान्याने कोणत्या शहरांत बसवायची त्याची यादी नियमांसोबत आहे. त्यातल्या १३२ शहरांपैकी १९ महाराष्ट्रातली आहेत.

चित्रणाचा उपयोग कशासाठी करायचा, तेही ठरलेले आहे. चलन काढण्यासाठी, आणि तेही यादीत दिलेल्या गुन्ह्यांपुरते. नोटिशीत नंबरप्लेट दिसणारे छायाचित्र, यंत्राने घेतलेले मोजमाप, तारीख, वेळ, ठिकाण आणि कोणते कलम मोडले याचा उल्लेख हवा. २०२१च्या नियमानुसार ती पंधरा दिवसांत पाठवायची आणि चलनाचा निकाल लागेपर्यंत नोंद जपायची.

हे नियम निर्दोष नाहीत. बनावट नंबरप्लेट लावून फिरणाऱ्याचे चलन खऱ्या मालकाकडे जाते आणि ते रद्द करून घेताना त्याची दमछाक होते. नियम न मोडणाऱ्यांच्या नोंदी कधी पुसायच्या, याबद्दल नियम गप्प आहेत. तरीही कॅमेरा कोणी, कोठे, कशासाठी लावावा, नागरिकाला काय कळवावे आणि यंत्राची तपासणी कधी व्हावी हे लिहून काढता येते, एवढे त्यांनी दाखवून दिले आहे. पोलीस ठाण्यांतल्या कॅमेऱ्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२०मध्ये परमवीर सिंग सैनी प्रकरणात असेच केले. प्रत्येक ठाण्यात कॅमेरे, अठरा महिन्यांपर्यंतची साठवण, आणि देखरेखीसाठी राज्य व जिल्हा पातळीवर समित्या असा आदेश दिला. नागरिकांवर रोखलेल्या चौकातल्या कॅमेऱ्याला मात्र अशी समिती नाही.

२०२३चा कायदा आणि त्यातल्या सवलती

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याला ऑगस्ट २०२३मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यासाठी त्यानंतर अठरा महिन्यांची मुदत दिली गेली. ओळखता येण्याजोगा चेहरा किंवा गाडीचा क्रमांक ही वैयक्तिक माहितीच आहे, त्यामुळे मॉल, टोल कंपनी, रुग्णालय अशांच्या कॅमेऱ्यांना हा कायदा लागू होतो. माहिती सुरक्षित ठेवण्यात हयगय झाली तर अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

पोलिसांच्या कॅमेऱ्यांपर्यंत तो पुरता पोहोचत नाही. गुन्हा रोखणे, शोधणे, तपासणे आणि खटला चालवणे यांसाठी माहिती वापरली जात असेल तर कलम १७नुसार बहुतेक बंधने सुटतात. आपल्याविषयी काय नोंदवले आहे ते विचारण्याचा आणि पुसून घेण्याचा नागरिकाचा हक्कही तिथे थांबतो. माहिती सुरक्षित राखण्याची जबाबदारी तेवढी कायम राहते. शिवाय देशाची सुरक्षा किंवा सार्वजनिक सुव्यवस्था या कारणांसाठी केंद्र सरकार एखाद्या सरकारी यंत्रणेला अधिसूचना काढून संपूर्ण कायद्यातूनच वगळू शकते. पुट्टस्वामी निकालातली कायद्याच्या आधाराची कसोटी इथे पुन्हा पुढे येते. शहरांतले कॅमेरा प्रकल्प प्रामुख्याने शासन निर्णय आणि निविदांच्या बळावर उभे राहिले आहेत. निविदेत कॅमेऱ्याची क्षमता आणि देखभाल लिहिलेली असते. नागरिकाच्या हक्कांचे ते ठिकाण नव्हे. २०२१मध्ये हैदराबादच्या एका कार्यकर्त्याला रस्त्यात अडवून, मास्क काढायला लावून पोलिसांनी त्याचे छायाचित्र घेतले. त्याने तेलंगण उच्च न्यायालयात दाखल केलेली याचिका याच कसोटीवर उभी आहे.

इतर देशांनी काय केले

चौकातल्या कॅमेऱ्यावर कायद्याने मर्यादा घातली तर पोलिसांचे काम अडेल, अशी भीती घातली जाते. जर्मनीतले एक प्रकरण त्यावर चांगले उत्तर आहे. लोअर सॅक्सनी राज्यात हॅनोव्हरजवळ सरासरी वेग मोजणारी यंत्रणा २०१९च्या सुरुवातीला चालू झाली. काही आठवड्यांतच, मार्चमध्ये, न्यायालयाने ती बंद करायला लावली, कारण नियम पाळणाऱ्यांच्याही नंबरप्लेट ती नोंदवत होती आणि त्यासाठी कायदेशीर आधार नव्हता. राज्याने पोलीस कायद्यात दुरुस्ती करून तो आधार दिला. जुलैमध्ये वरच्या न्यायालयाने यंत्रणा पुन्हा सुरू करायला परवानगी दिली. वेगमर्यादा न मोडणाऱ्यांच्या नोंदी तिथे आपोआप पुसल्या जातात.

ब्रिटनमध्ये कार्डिफच्या एका नागरिकाने साउथ वेल्स पोलिसांच्या चेहरा ओळखणाऱ्या कॅमेऱ्यांना आव्हान दिले. ऑगस्ट २०२०मध्ये अपील न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. कोणाला शोधायचे आणि कॅमेरे कोठे लावायचे हे ठरवण्याची फारच मोकळीक पोलिसांना होती, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. सॅन फ्रान्सिस्को शहराने मे २०१९मध्ये आपल्या खात्यांना हे तंत्र वापरायला मनाई केली. युरोपीय संघाच्या कृत्रिम बुद्धिमत्ता कायद्यानुसार फेब्रुवारी २०२५पासून सार्वजनिक जागी पोलिसांनी थेट चेहरा ओळखण्यावर बंदी आहे. अपहृतांचा शोध, नजीकचा दहशतवादी हल्ला आणि गंभीर गुन्ह्यातील संशयित एवढेच अपवाद आहेत, आणि तिथेही आधी परवानगी लागते. चित्रण प्रसिद्ध करण्याबाबतचा दाखला आणखी जुना आहे. ब्रिटनमधल्या ब्रेंटवुड गावात आत्महत्येच्या प्रयत्नात असलेल्या माणसाला कॅमेऱ्यामुळे मदत मिळाली, पण ते चित्रण नगरपालिकेने माध्यमांना दिले. मानवी हक्कांच्या युरोपीय न्यायालयाने २००३मध्ये चित्रण घेण्याला नव्हे, तर ते असे वाटण्याला हक्कभंग ठरवले.

नियम कोणते हवेत

या सगळ्या अनुभवातून चौकातल्या कॅमेऱ्यासाठीच्या कायद्याचा आराखडा तयार होतो. प्रत्येक प्रकल्पाचा उद्देश आधी लिहून प्रसिद्ध व्हावा आणि तो बदलायचा तर पुन्हा मंजुरी घ्यावी लागावी. कॅमेऱ्याखाली मराठीत फलक असावा. त्यावर यंत्रणा कोणाची आहे आणि तक्रार कोठे करायची हे असावे. साठवणुकीची मुदत कायद्यात ठरलेली असावी. तपासाशी संबंध नसलेले चित्रण त्या मुदतीनंतर पुसले जावे आणि नियम पाळणाऱ्या वाहनांच्या नोंदी लगेच पुसल्या जाव्यात. चित्रण कोणी, कधी, कोणत्या गुन्ह्याच्या संदर्भात उघडले याची न पुसता येणारी नोंद राहावी. चेहरा ओळखण्यासाठी वेगळी, अधिक कडक परवानगी असावी, आणि केवळ यंत्राच्या जुळणीवरून अटक होऊ नये. पोलिसांबाहेरच्या व्यक्तींची समिती दर वर्षी तपासणी करून अहवाल विधिमंडळापुढे ठेवील, अशी सोय असावी. नाशिकच्या सिंहस्थासारख्या मेळ्यांसाठी हजारो कॅमेरे बसवले जातात. पर्वणी संपल्यावर त्यांतले किती काढायचे आणि कधी, हेही आधीच ठरलेले बरे.

कायदा होईपर्यंत नागरिकाच्या हातात मर्यादित साधने आहेत. चुकीच्या ई-चलनावर वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर तक्रार करता येते आणि निकाल न पटल्यास न्यायालयात जाता येते. अपघात किंवा चोरीनंतर चित्रण महिनाभरात पुसले जाण्याची शक्यता असते. म्हणून ते जपून ठेवण्याची लेखी मागणी पोलीस ठाण्यात लगेच द्यावी. महापालिकेच्या प्रकल्पाचा खर्च, कॅमेऱ्यांची संख्या, बंद कॅमेरे आणि साठवणुकीचे धोरण ही माहिती माहिती अधिकारात मागता येते. त्यात कोणाचीही वैयक्तिक माहिती नसते. गृहनिर्माण संस्थांनी कॅमेरा शेजाऱ्याच्या खिडकीवर किंवा दारावर रोखलेला नाही याची खात्री करावी, पासवर्ड बदलावा आणि चित्रण कोण पाहू शकतो याचा ठराव सर्वसाधारण सभेत करावा. एखाद्याचे खासगी क्षण चोरून टिपणे वा पसरवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ईखाली आणि स्त्रीच्या बाबतीत भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७खालीही गुन्हा आहे. ही कलमे मुख्यतः कपडे बदलणे, स्नान अशा खासगी अवस्थेतल्या चित्रणाला लागू होतात. रस्त्याने चालणाऱ्या माणसाच्या दैनंदिन नोंदींना त्यांचे संरक्षण नाही. ते द्यायचे तर संसदेला किंवा विधिमंडळाला वेगळा कायदा करावा लागेल.